तो मागच्या सीटवर बसला होता

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा ८ वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना त्यांची गाडी शेजाऱ्यांच्या गाडीला घासली आणि दारावर हातभर ओरखडा उठला. त्यांनी खाली उतरून पाहिलं, इकडेतिकडे नजर टाकली. कोणी नव्हतं. ते परत गाडीत बसले आणि निघून गेले. मुलगा मागच्या सीटवर होता, एक शब्द बोलला नाही. मागच्या आठवड्यात शाळेत त्याच्या हातून शेजारच्या मित्राची कंपासपेटी पडून मोडली. त्याने ती कशीबशी मिटवून मित्राच्या दप्तरात सरकवली. बाईंना कळलं, घरी निरोप आला, वडील रागावले. तेव्हा मुलगा शांतपणे म्हणाला, "पण कोणी बघितलं नव्हतं ना, बाबा."

वडील लिहितात, त्या वाक्यानंतर माझी वाचाच बसली. माझे वडील अत्यंत सचोटीचे होते, मी त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. आता मुलाला चार चांगल्या गोष्टी सांगायचा अधिकार मला उरला आहे का? पत्नी म्हणते, त्याच्याशी मोकळं बोला. आई म्हणते, मुलापुढे चूक कबूल केलीस तर बापाचा धाक राहणार नाही.

आधी त्या वाक्याबद्दल बोलतो, कारण तुम्ही ते उलट उत्तर धरून बसला आहात असं मला वाटतं. तो शांतपणे म्हणाला असं तुम्हीच लिहिलं आहे. उलट बोलणारं मूल आवाज चढवतं, पाय आपटतं, नजर चुकवतं. तुमच्या मुलाने यातलं काही केलं नाही. "बाहेरून आल्यावर हात धुवायचे" हे जसं तो सांगेल, तसा त्याने तुम्हाला घरातला एक नियम सांगितला. आपल्या हातून दुसऱ्याची वस्तू खराब झाली आणि कोणी पाहिलं नसेल, तर गप्प राहायचं. हा नियम त्याला कोणी शिकवला नव्हता. त्याने तो पाहून पाहून बांधला, पहिली वेळ आली तेव्हा इमानाने पाळला, आणि तो पाळला म्हणून बाबा रागावले. मुलगा गोंधळला आहे.

गेली २२ वर्षं मी मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलण्याचं काम करतो. अशा वेळी ८ वर्षांचा मुलगा बापाला कोंडीत पकडत नसतो. तो विचारत असतो, "मग खरं कोणतं?" हा प्रश्न त्याने अजून तुम्हाला विचारला, ही फार मोलाची गोष्ट आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलं हे विचारायला येत नाहीत. त्यांनी उत्तर आपापलं ठरवून टाकलेलं असतं.

दोन महिने तो काही बोलला नाही, म्हणून तुम्हाला वाटलं की त्याच्या लक्षात आलं नसावं. इथे बहुतेक आईबाप फसतात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला ठोसे मारताना पाहिलं, की मुलंही नंतर तसेच ठोसे मारतात. माझ्या कामात मात्र मला त्यांचा १९६५ चा प्रयोग जास्त उपयोगी पडला आहे. त्यात मुलांना एक चित्रफीत दाखवली. काही मुलांनी पाहिलं की बाहुलीला मारणाऱ्याला शेवटी बक्षीस मिळालं, काहींनी पाहिलं की त्याला शिक्षा झाली, आणि काहींच्या चित्रफितीत पुढे काहीच झालं नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथपर्यंत नवल नाही. नंतर मुलांना सांगितलं की त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवा, बक्षीस मिळेल. तेव्हा तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. काहींनी लगेच वापरलं, काहींनी राखून ठेवलं, एवढाच फरक. तुमच्या मुलाने ओरखड्याची गोष्ट दोन महिने राखून ठेवली होती. कंपासपेटी मोडली तेव्हा ती उपयोगात आली.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो तुमच्या मुलाच्या वयाच्या अगदी जवळच्या मुलांवर झाला आहे. २०१४ मध्ये चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी ३ ते ७ वर्षांच्या १८६ मुलांचा अभ्यास केला. काही मुलांना सांगितलं, पलीकडच्या खोलीत गोळ्यांनी भरलेलं मोठं भांडं आहे, चल. तिथे गेल्यावर सांगितलं, भांडं वगैरे काही नाही, तू खेळायला यावंस म्हणून मी तसं म्हणाले. बाकीच्या मुलांना असं फसवलं नाही. पुढे एका खेळात मुलांना पाठमोरं बसवून बजावलं की मागचं खेळणं वळून पाहायचं नाही, आणि थोडा वेळ एकटं सोडलं. शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांपैकी, ज्यांना फसवलं नव्हतं त्यांतल्या सुमारे ६० टक्के मुलांनी वळून पाहिलं. फसवलेल्यांत हे प्रमाण जवळजवळ ८० टक्के झालं. वळून पाहणाऱ्यांपैकी "मी पाहिलं नाही" असं खोटं सांगणारे पहिल्या गटात सुमारे ६० टक्के होते, दुसऱ्या गटात जवळजवळ ९०. लक्षात घ्या, ती खोटं बोलणारी बाई त्या मुलांची कोणीही नव्हती. एका परक्या व्यक्तीच्या एका वाक्याचा एवढा परिणाम होत असेल, तर बापाचं वागणं मुलात किती खोल उतरत असेल याचा विचार करा. शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांत मात्र असा फरक दिसला नाही. मोठ्यांचं बोलणं आणि वागणं ताडून पाहायला मूल जेव्हा लागतं, ते हेच वय. तुमचा मुलगा त्याच टप्प्यावर आहे.

हे सगळं तुम्हाला दोषी ठरवायला सांगत नाही. दोषी तर तुम्ही स्वतःला आधीच ठरवलं आहे, आणि त्याने मुलाला काडीचा उपयोग होत नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. ओरखडा पडला ती एका मिनिटाची गोष्ट होती. घाबरलेला माणूस पळतो, तुम्ही पळालात. पण त्या मिनिटानंतर दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत तुम्ही शेजाऱ्यांना लिफ्टमध्ये किती वेळा भेटलात? हसून बोललात? मुलगा शेजारी उभा होता? तुमच्या पत्रात हे नाही, पण एकाच इमारतीत राहता म्हटल्यावर झालंच असणार. मुलगा खालून वर बघत असतो. बाबा काकांशी हसतात. काकांना माहीत नाही. बाबांना माहीत आहे. मला माहीत आहे. या चार वाक्यांतून त्याने जे उचललं, ते ओरखड्यापेक्षा खोल गेलं आहे. आणि दुरुस्त करायचं आहे तेही हेच. चूक होऊन गेली, ती आता मागे घेता येत नाही. चुकीनंतरचा काळ मात्र अजून चालू आहे, आणि तो तुमच्या हातात आहे.

डेव्हिड रोझेनहान यांनी अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीत भाग घेतलेल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ते काम १९७० मध्ये प्रसिद्ध झालं. काही जण वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ चळवळीत राहिले होते, काही एखाददुसऱ्या मोहिमेत जाऊन परतले होते. तत्त्वांच्या गोष्टी दोन्ही प्रकारच्या घरांत ऐकायला मिळाल्या होत्या. जे टिकून राहिले त्यांनी सांगितलं की आईवडिलांशी आमचं जिव्हाळ्याचं नातं होतं आणि ते बोलायचे तसे वागायचे. जे थोडक्यात परतले त्यांच्या आठवणींत आईवडिलांच्या बोलण्या-वागण्यातली तफावत पुन्हा पुन्हा येत होती. आठवणींवर आधारलेला अभ्यास आहे, त्याला तेवढंच वजन द्यायला हवं. पण माझ्या समोरच्या खुर्चीत बसून गेलेली मुलं आठवली, की मला ते पटतं. मुलगा बापाची चूक सहसा पोटात घालतो. चूक नव्हतीच असा बापाने आणलेला आव मात्र तो विसरत नाही.

तेव्हा करायचं काय?

आधी मुलाशी बोला, आणि दोघंच असताना बोला. समोरासमोर बसवून नको. मुलगे शेजारी शेजारी बसून किंवा चालता चालता जास्त मोकळे होतात, नजरेला नजर भिडली की आक्रसतात. गाडीतच बोललात तरी चालेल, कदाचित तिथेच जास्त बरं. लांबण लावू नका. "त्या दिवशी आपल्या गाडीने काकांची गाडी घासली. मी ओरखडा पाहिला होता. मी घाबरलो आणि निघून आलो. ते चुकीचं होतं. मी आज त्यांना सांगायला जाणार आहे." एवढंच. यात "पण" येऊ देऊ नका. "पण त्या दिवशी घाई होती", "पण त्यांनी गाडी वेडीवाकडी लावली होती", असं काही आलं की आधीची वाक्यं पुसली गेली म्हणून समजा. "म्हणून तूही असं करू नकोस" हे तर अजिबात नको. कंपासपेटीचा विषय या बोलण्यात काढूच नका. काढलात तर त्याला कळेल की हे सगळं त्याला धडा शिकवायला चाललं होतं.

आणि त्याच्यापुढे रडू नका, "मला माफ करशील ना?" असं गयावया करू नका. हे मी मुद्दाम सांगतो, कारण हल्ली चूक कबूल करणारे बाप वाढले आहेत ही चांगली गोष्ट असली, तरी त्यातले काही जण स्वतःचं ओझं उचलून मुलाच्या डोक्यावर ठेवतात. मग तो ८ वर्षांचा जीव बापाच्या पाठीवरून हात फिरवत बसतो. बापाला आधार देणं हे त्याचं काम नाही. तुम्ही सांगा आणि थांबा. तो बहुतेक काहीतरी व्यवहाराचं विचारेल. "काका ओरडतील का?" "कदाचित ओरडतील," एवढं उत्तर पुरे.

मग शेजाऱ्यांकडे जा. मुलाला विचारा, येतोस का? नाही म्हणाला तर एकटे जा आणि आल्यावर काय झालं ते जसंच्या तसं सांगा. आला तर त्याला फक्त शेजारी उभं राहू द्या, त्याच्याकडून काही वदवून घेऊ नका. शेजारी चिडतील ही शक्यता धरून चला. "दोन महिने रोज भेटता आणि आज सांगता?" यावर तुमच्याजवळ एकच खरं उत्तर आहे, "हो, फार उशीर केला." पुढे स्पष्टीकरण नको. दुरुस्तीचा खर्च मी देतो असं स्पष्ट सांगा. ते "राहू द्या हो" म्हणाले, तर सुटलो म्हणून लगेच मागे फिरू नका. पुन्हा एकदा विचारा, दार रंगवून द्यायचं ठरवा आणि ते काम पार पाडा. मुलाला गॅरेजमधून परत आलेलं दार दिसायला हवं. शब्दांनी माफी मागणं त्याला शाळेतही शिकवतात. नुकसान भरून देणं कुठेच शिकवत नाहीत.

कुणी तुमच्यावर चिडलं आणि मुलाने ते पाहिलं, तर बिघडत नाही. उलट चांगलंच. मोठ्या माणसाला बोलणी बसतात, तो मान खाली घालून ऐकतो आणि तरी तो मोडून पडत नाही, संध्याकाळी नेहमीसारखाच घरी असतो, हे त्याला पाहायला मिळतं. चूक लपवणाऱ्या बहुतेक मुलांच्या मनात एकच भीती असते, की उघड झालं तर आपलं सगळं संपेल. ती भीती समजावून जात नाही. कुणाचं तरी संपलं नाही हे डोळ्यांनी पाहिलं की जाते.

माझ्याकडे येणाऱ्या एका घरातली गोष्ट आहे. तपशील बदलून सांगतो. वडिलांनी सायकलचा पंप हरवला म्हणून इमारतीच्या रखवालदारावर चारचौघांत संशय घेतला होता. आठवड्याने पंप घरातल्याच माळ्यावर सापडला. घरात कुजबुज झाली, की जाऊ दे, आता विषय काढून काय उपयोग. वडील मात्र रखवालदाराची माफी मागायला खाली गेले आणि १० वर्षांचा मुलगा त्यांच्या मागून गेला. पुढे दोन वर्षांनी वेगळ्याच कारणाने मुलगा माझ्यासमोर बसला होता. बोलता बोलता त्याने हा प्रसंग सांगितला. वडील रखवालदाराला काय म्हणाले ते त्याला नीट आठवत नव्हतं. त्याला आठवत होता तो जिना. "बाबा दुसऱ्या मजल्यावर थांबले. मागे वळून दोन पायऱ्या वर आले. मला वाटलं, आता परत घरी जाणार. मग कठडा धरून उभे राहिले, आणि पुन्हा खाली उतरायला लागले." त्या दोन पायऱ्या त्याने दोन वर्षं जपून ठेवल्या होत्या. आपले वडील घाबरतात आणि घाबरूनही जातात, हे त्याला तिथे समजलं. न घाबरणारा बाप त्याला हे दाखवू शकला नसता.

कंपासपेटीकडे दोन-चार दिवसांनी या. शक्यता अशी आहे की तोच विषय काढेल. काढला नाही तर विचारा, "मित्राच्या पेटीचं काय करूया?" काय करायचं ते त्याला ठरवू द्या. त्याची स्वतःची पेटी द्यायची असं ठरवलं तर देऊ द्या, लगेच दुकानात जाऊन त्याला नवी आणून देऊ नका. काही दिवस त्याने पेटीशिवाय काढले तर काही बिघडत नाही. त्याने ते केल्यावर काय बोलायचं, याबाबत जोन ग्रुसेक आणि त्यांच्या सहकारी रेडलर यांचं १९८० चं एक काम माझ्या नेहमी कामी येतं. मुलांनी आपल्या वाट्याचं दुसऱ्याला दिलं तेव्हा काहींना म्हटलं, "हे चांगलं केलंस," आणि काहींना म्हटलं, "तुला दुसऱ्याला मदत करायला आवडतं, तू तसा मुलगा आहेस." पुढे वेगळ्याच प्रसंगांत, ८ वर्षांच्या आसपासच्या मुलांमध्ये दुसरं वाक्य ऐकलेली मुलं जास्त मदत करताना दिसली. आपण कसे आहोत याचं चित्र या वयात रंगत असतं. तेव्हा "शाबास" म्हणून थांबू नका. "तुझ्याकडून मोडलं तर भरून देणारा मुलगा आहेस तू," असं एकदाच, साध्या आवाजात म्हणा. दहादा म्हणालात तर त्याचं मोल जाईल.

आता तुमच्या आईच्या शंकेबद्दल. त्या ज्याला धाक म्हणतात त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, भीती आणि मान. भीती थोडी कमी होईल हे खरं आहे, आणि ती व्हायला हवी, कारण कंपासपेटी दप्तरात सरकवायला लावणारी तीच होती. मान राहील की जाईल, हे तुम्ही कबूल करण्यावर अवलंबून नाही. मुलाने ओरखडा पाहिलेलाच आहे. त्याच्यापासून लपवण्यासारखं तुमच्याकडे काही उरलेलं नाही. गप्प राहून तुमचा मान वाचत नाही, फक्त त्याबद्दल बोलायला बंदी होते. आईंना हे वादासाठी सांगू नका. त्यांच्या पिढीने बापाचं कबूल करणं फारसं पाहिलेलं नाही, त्यांना वाटणारी काळजी खरी आहे. शेजाऱ्यांकडे जाऊन या, मग त्यांना आपोआप दिसेल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. बापाचं चारित्र्य म्हटलं की लोकांना पैशाची आणि खऱ्या-खोट्याची सचोटी आठवते. मुलगा त्याहून कितीतरी जास्त वेळ दुसरंच काही पाहत असतो. एकदा एक जोडपं १३ वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. तक्रार अशी, की हा आईशी फार उद्धट बोलतो. आई सांगत असताना वडिलांनी मध्येच डाव्या हाताची दोन बोटं हवेत हलवली, माशी वारावी तशी, आणि म्हणाले, "मुद्द्याचं सांग." दहाएक मिनिटांनी मी मुलाला काही विचारलं, आई मध्ये काही बोलली, आणि मुलाने तीच दोन बोटं तशीच हलवली. हातही डावाच. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी ते पाहिलं होतं. त्या दिवशी मला फार बोलावं लागलं नाही. बायकोचं वाक्य तुम्ही पुरं होऊ देता का, हे मुलगा दिवसातून पन्नास वेळा पाहतो.

फोनचंही तसंच आहे. माणूस फोनवर काय बोलतो यापेक्षा फोन ठेवल्यावर त्या माणसाबद्दल काय बोलतो, ते मुलं जास्त कान देऊन ऐकतात. साधारण तिशीतला एक जण मला म्हणाला होता, "बाबा ज्या माणसाशी आदराने बोलायचे, त्याच्याबद्दल फोन ठेवल्यावरही तसेच बोलायचे. ते मला फार मोठेपणी, इतरांच्या घरी गेल्यावर, वेगळं वाटलं." लहानपणी त्याला वाटायचं की सगळीकडे असंच असतं.

राहिला तुमच्या वडिलांचा विषय. खरं सांगायचं तर पत्रातल्या सगळ्या मजकुरात मी इथे सर्वांत जास्त वेळ थांबलो. त्यांच्याबद्दल तुम्ही "सचोटीचे" एवढंच लिहिलं आहे. त्यांच्याशी तुम्ही कधी मनातलं बोललात, एखादी चूक त्यांना सांगितली, असं काही लिहिलेलं नाही. कदाचित जागा नसेल. पण "पासंगाला पुरत नाही" म्हणणारे मुलगे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे वडील उंचावर होते आणि खाली उतरायचा जिना नव्हता. असा मुलगा मोठा होतो, त्याच्याकडून चूक होते, आणि तो पार्किंगमध्ये इकडेतिकडे बघून निघून जातो. कारण चूक झाल्यावर चांगला माणूस काय करतो हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. त्याने फक्त न चुकणारा माणूस पाहिलेला असतो.

एकाच घराण्यातल्या तीन पिढ्या मला इथे नेहमी आठवतात. मोहनदास गांधी १५ वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा काढून चोरी केली होती. वडील करमचंद आजारी, अंथरुणाला खिळलेले. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून मोहनदासांनी कबुली चिठ्ठीत लिहिली, शिक्षा मागितली, आणि माझ्या चुकीपायी स्वतःला त्रास करून घेऊ नका अशी विनंती केली. करमचंद खरे तर तापट स्वभावाचे. त्यांनी उठून बसून चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. मुलाला त्यांनी एकही उपदेश केला नाही. गांधींनी ही गोष्ट जन्मभर जपली.

आणि त्याच गांधींचा थोरला मुलगा हरिलाल. दक्षिण आफ्रिकेतल्या वडिलांच्या सत्याग्रहात तो अनेकदा तुरुंगात गेला. त्याला वडिलांसारखंच इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचं होतं. एका स्नेह्याने शिष्यवृत्ती देऊ केली तेव्हा गांधींनी आपल्या मुलाऐवजी दुसऱ्याला पाठवलं. मुलाच्या शिक्षणाविषयीचं मतही त्यांनी बदललं नाही. १९११ मध्ये हरिलाल घर सोडून गेला. मधल्या काळात भेटीगाठी, पत्रं झाली, पण तुटलेलं पुन्हा जुळलं नाही. वडिलांच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, १९४८ मध्येच, तोही गेला. यात कोणाचं किती चुकलं हे ठरवण्याची माझी योग्यता नाही. आपल्या मुलाला पदाचा फायदा न देणारा बाप हा चारित्र्याचाच नमुना आहे. पण जगाला दिसलेला तो आदर्श हरिलालच्या हाताला लागला नाही, एवढं मात्र दिसतं. करमचंदांचं चारित्र्य मुलाला त्या एका क्षणी हाताला लागलं होतं, चिठ्ठी फाडतानाच्या त्या हातात.

हाताला लागणं म्हणजे काय, याचा एक साधा पुरावा आहे. अमेरिकेत १९५१ मध्ये ५ वर्षांच्या मुलांच्या आयांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तीच मुलं ३१ वर्षांची झाल्यावर रिचर्ड कोस्टनर आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की कोणामध्ये दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव जास्त आहे आणि लहानपणीच्या कोणत्या गोष्टीशी तिचा संबंध लागतो. हे काम १९९० मध्ये छापून आलं. सर्वांत ठळक संबंध लागला तो वडिलांनी मुलाच्या रोजच्या देखभालीत किती भाग घेतला याच्याशी. अभ्यासात ७५ माणसंच होती, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही. तरीही, न्हाऊ घालणं, कपडे चढवणं, आजारपणात उशाशी बसणं या कामांत बापाचा हात मुलाला लागतो, आणि मग त्याच हाताने केलेलं बाकीचंही त्याला आपलंसं वाटतं, असा माझा अनुभव आहे. तुमच्या पत्रावरून वाटतं की मुलाची शाळेची ने-आण तुम्ही करता. ती सोडू नका. कितीही काम असलं तरी सोडू नका.

एक सावधगिरी. "मुलासमोर कबूल करा" याचा अर्थ सगळंच कबूल करा असा नाही. नवरा-बायकोतल्या गोष्टी, पैशाच्या मोठ्या अडचणी, तरुणपणातल्या जुन्या चुका, यांचं ओझं ८ वर्षांच्या मुलाला पेलत नाही. कबुली त्याच गोष्टीची द्यायची, जी त्याने पाहिली आहे किंवा जी त्याला झळ लावून गेली आहे. ओरखडा त्याने पाहिला आहे, म्हणून तो त्याचा विषय आहे.

रविवारची वाट बघत बसू नका. आज संध्याकाळी शेजारी घरी असतील तर आजच जा. दिवस जितके जातील तितकी ती बेल जड होईल. दारात जाईपर्यंत पोटात गोळा येईल, तो येऊ द्या. आणि परत जिना चढताना मुलाने विचारलं, "बाबा, तुम्हाला भीती वाटली?" तर हो म्हणा.